आत्याची टाच

८ जानेवारी

प्रिय आत्या,

बाबा म्हणाले की तू फोन उचलतेस, दोन वेळा "कोण?" विचारतेस आणि ठेवून देतेस. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शिट्ट्या फुंकून कानांचे बारा वाजवलेस, त्याला आता कोण काय करणार! म्हणून हे पत्र.

मला संशोधनाची जागा मिळाली. बाबा सगळ्यांना सांगतात, "पोरगी पायांचं काहीतरी करते." चुकीचं नाही ते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायात जंतू शिरतात आणि शेवटी पाय कापावा लागतो, त्या कापलेल्या पायांतलं मांस मी तपासते. जंतू कुठून शिरले, कोणत्या वाटेने पुढे गेले, कुठे अडले, हे शोधायचं. आमची प्रयोगशाळा इथल्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, धुलाईघराच्या वर आहे. दिवसभर फरशी कोमट असते आणि साबणाचा वास येतो. मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. पहिल्या आठवड्यात माझा एकही काप सरळ आला नाही. आता प्रमुखबाई माझे काप नव्या मुलांना दाखवतात. हे मी फक्त तुलाच सांगतेय, कारण फुशारकी मारलेली ज्याला चालते असं घरात तुझ्याशिवाय कोणी नाही.

एक मात्र विचारायचंय. तुझ्या साखरेला आता बरीच वर्षं झाली. पायांकडे बघतेस ना?

तुझी,
भिंगरी

२० जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. निवृत्त झाले तरी मला तिथे अजून खुर्ची आहे. गणिताच्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "शी, कापलेले पाय?" मी म्हटलं, तुमच्या भाचीला कापूस तरी सरळ कापता येतो का? फुशारकी हवी तेवढी मार. लाजून कोणी शर्यत जिंकलेलं माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या पायांची काळजी करू नकोस. या पायांनी किती मुलींना पळवलंय याचा हिशेब शाळेकडेही नसेल. यंदाच्या स्पर्धांसाठी नव्या मुख्याध्यापकांनी मला पाहुणी म्हणून बोलावलंय. पाहुणी कसली, सगळं मैदान मीच आखून घेतेय. त्यासाठी नवे बूट घेतले. डावा जरा घट्ट असावा, कारण संध्याकाळी मोजा ओला निघतो. पण मला काहीच वाटत नाही, म्हणजे लागत नसणार. चालेन तसा सैल होईल.

तब्येत सांभाळ. वाकून बसू नकोस, पाठ जाईल.

आत्या

२७ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मिळेल तिथे खाली बस आणि डावा बूट, मोजा काढ. तुझ्या पत्रातलं "मला काहीच वाटत नाही" हे वाक्य वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. साखरेने पायांच्या नसा मंद होतात, आत्या. बूट चावतो, कातडी सोलते, आणि माणसाला पत्ताच लागत नाही. दुखत नाही हीच तर भीतीची गोष्ट आहे. माझ्याकडे ज्यांचे तुकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी डॉक्टरांना हेच सांगितलेलं असतं.

हातातला आरसा जमिनीवर ठेव आणि तळवा त्यावर धर. अंगठ्याच्या मागे जिथे पायाचा भार पडतो, तिथे काय दिसतं ते मला लिहू नकोस, सरळ दवाखान्यात जा. मी बाबांनाही कळवलंय. ते आले की भांडू नकोस.

भिंगरी

१९ फेब्रुवारी, वॉर्डातून

भिंगरे,

तू बाहेर बाकावर बसली आहेस, दाराच्या काचेतून तुझं डोकं दिसतंय, आणि तरी मी हे लिहून नर्सच्या हाती पाठवतेय. समोरासमोर तू रडशील, मग मी रडेन, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी आपल्याला समजावत बसतील.

आरसा धरला तेव्हाच काय ते दिसलं होतं. तुझे बाबा न्यायला आले, तरी लगेच गेले नाही. आधी मैदान, मग बक्षीस समारंभ, मग म्हटलं सोमवारी जाऊ. तापाने खाली पडले तेव्हा तुझ्या बाबांनी उचलून आणलं. ही गोष्ट एकदाच लिहितेय, पुन्हा काढायची नाही.

सर्जन मघाशी येऊन गेले. तरुण आहेत, नीट डोळ्यांत बघून बोलतात. म्हणाले, पायाचा पुढचा भाग सडलाय, सूज घोट्यापर्यंत आलीय, ताप उतरत नाहीये. वाट बघितली तर जिवावर बेतेल. गुडघ्याखालून कापावं लागेल, उद्या सकाळी. मी विचारलं, घोटा तरी ठेवता येणार नाही का? ते म्हणाले, वरून बघून मला खात्री देता येत नाही, आणि खात्री नसताना तुमचा जीव पणाला लावणार नाही. मला हे पटलं. सही करून दिली.

आता मुद्द्याची गोष्ट. कापल्यावर त्या पायाचं काय करणार, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, परवानगी असेल तर तुमच्या भाचीच्याच संस्थेत तपासायला जातो. मग माझाही जाऊ दे. आणि तो तूच बघ. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस.

आत्या

१९ फेब्रुवारी, बाकावरून, तुझ्याच कागदाच्या मागे

आत्या,

मला जमणार नाही. पाय पाठव, पण आमच्याकडे दुसरे लोक आहेत, हात चांगला असलेले. तुझ्या पायाला मी सुरी लावू शकत नाही. ज्या पायांच्या मागे धावत मी पळायला शिकले, ते पाय आहेत ते. हे मागू नकोस.

भिंगरी

तोच दिवस

म्हणजे दुसऱ्यांचे पाय चालतात, आपल्या घरातला चालत नाही? ते पायही कोणाच्या तरी आत्याचे असतील. त्यांना तुझा चांगला हात मिळाला आणि मलाच का मिळू नये? मला तुझा सरळ काप हवाय. ही विनंती नाही.

आता आत ये. मला पाणी हवंय आणि नर्सला हाक ऐकू जात नाही.

२३ एप्रिल

भिंगरे,

चार महिन्यांचं मूल चालतं तशी मी चालते, म्हणजे चालत नाही. नवा पाय बसवून झाला. तो माझ्यापेक्षा देखणा आहे, पण हट्टी. रुग्णालयाच्या व्यायामाच्या खोलीत दोन दांड्यांमध्ये उभं करतात आणि शिकवणारी मुलगी प्रेमाने म्हणते, "सावकाश हं." मला "सावकाश" हा शब्द मैदानावर कधी सहन झाला नाही. तिला म्हटलं, बाई, ओरडून सांग. आता ती ओरडते आणि मी बऱ्यापैकी चालते.

सगळ्यांत त्रास सकाळचा. डोळे उघडले की उठून बसते, पाय खाली टाकते, आणि खाली काही नसतं. स्वयंपाकघरापर्यंत जायचं तरी आधी पाय बांधा, पट्टे ओढा. दोन पावलांसाठी एवढी तयारी. असो.

तुझी पत्रं येतात, पण त्यांत हवापाणी आणि तुझ्या जेवणाचा डबा याशिवाय काही नसतं. पाय तुझ्याकडे येऊन दोन महिने झाले. तुला काहीतरी दिसलंय आणि तू ते गिळून बसली आहेस. लहानपणी काच फोडलीस की अशीच हवेबद्दल बोलायचीस.

काय दिसलं ते लिही.

आत्या

२ मे

प्रिय आत्या,

लिहिते. बसून वाच.

काप मीच काढले. पहिल्या दिवशी डबा उघडून नुसती बघत राहिले आणि पुन्हा बंद केला. प्रमुखबाई शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी काढले. सगळे सरळ आले.

जंतू अंगठ्यामागच्या जखमेतून शिरले. बोटं वाकवणारी एक जाड दोरी तळव्यातून जाते, तिच्याभोवती म्यान असतं. त्या म्यानातून ते मागे सरकले, बोगद्यातून जावं तसे, आणि तळव्याच्या मधोमध येऊन पसरले. तिथलं सगळं गेलं होतं. त्या भागाबद्दल सर्जन काहीच करू शकले नसते.

पण टाच, आत्या. टाचेखाली चरबीची गादी असते. गादीवाला कापूस सरकू नये म्हणून जागोजागी टाके मारतो ना, तशीच ती असते. चरबीचे छोटे छोटे कप्पे आणि त्यांच्यामध्ये चिवट भिंती, खाली कातडीत आणि वर हाडात रोवलेल्या. तुझ्या टाचेतली एकही भिंत फुटलेली नाही. कप्प्यांत जंतू नाहीत. रक्तवाहिन्या उघड्या आहेत. घोट्यापर्यंत जी दिसत होती ती नुसती सूज होती. मी टाचेचे काप पुन्हा पुन्हा काढले, वेगळ्या रंगात रंगवले, दुसऱ्यांकडूनही तपासून घेतले. तुझी टाच निरोगी होती.

याचा अर्थ तुला कळला असेल, तरी मीच लिहिते, तुझ्यावर सोडत नाही. पायाचा पुढचा भाग काढून, टाचेची गादी वळवून नडगीच्या हाडाखाली बसवता आली असती. तसा पाय झाला की माणसाला टाचेवर भार देता येतो. सकाळी स्वयंपाकघरापर्यंत काहीही न बांधता जाता येतं.

हे आधी कळायला मार्ग नव्हता. टाच आतून चांगली आहे की नाही हे ओळखायची रीत तेव्हा आमच्याकडेही नव्हती आणि सर्जनकडेही. मी त्यांना इथे बोलावून भिंगाखाली दाखवलं. त्यांनी एकेक काच बघितली. मग म्हणाले, "पुढच्या माणसाच्या वेळी हे मला कापायच्या आधी दाखवता येईल का?" आम्ही त्यावरच काम सुरू केलंय. जुने तुकडेही पुन्हा काढले. बऱ्याच जणांची टाच तुझ्यासारखी शाबूत होती. सगळ्यांची नव्हती. म्हणूनच ओळखायची रीत हवी.

मला माफ कर म्हणत नाही, कारण कशाबद्दल ते मलाच नीट कळत नाही.

भिंगरी

१४ जून

भिंगरे,

उशीर झाला. मुद्दामच केला. पत्र वाचलं आणि मला राग आला. कोणाचा ते ठरेना. आधी सर्जनचा आला, मग बुटाचा, मग तुझा, की हे मला सांगितलंसच कशाला. मग आठवलं की मीच सांगायला लावलं होतं, त्याचाही राग आला. बरेच दिवस कोणाशी धड बोलले नाही. तुझे बाबा भाजी घेऊन यायचे, मी दार उघडून पिशवी घ्यायचे आणि दार लावायचे.

व्यायामाच्या खोलीत सर्जन भेटले. समोर येऊन उभे राहिले. त्यांना टाचेबद्दल सांगायचं होतं. मीच म्हटलं, "तुम्ही मला जिवंत ठेवलंत. दिसत नव्हतं त्यावर तुम्ही पैज लावली नाहीत. मीही लावली नसती." त्यांचा चेहरा बघून माझा राग निम्मा उतरला. उरलेला घरी आणून वापरला, तुझ्या बाबांवर.

काल पुन्हा तुझं पत्र वाचलं आणि या वेळी वेगळंच दिसलं. पुढे सगळं पडलं होतं, ताप अंगात भिनला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि माझी टाच जागची हलली नव्हती. एकही भिंत फुटू दिली नाही तिने. आयुष्यभर कडक मैदानावर आपटून घेतलं, कधी तेलाचं बोट लावलं नाही मी तिला, आणि शेवटपर्यंत ती माझ्यासाठी उभी होती. मला खूप रडू आलं, भिंगरे, पण ते दुःखाचं होतं असं काही म्हणता येणार नाही. आपली मुलगी हरलेल्या संघातून खेळली तरी आपल्याला कळतं ना, की ती चांगली खेळली.

मला त्या कापाचा फोटो पाठव. मोठा. भिंतीवर लावणार आहे. गणिताच्या बाईंना बोलावून दाखवणार आहे.

आणि ती रीत लवकर शोधा. दुसऱ्या कोणाला असं पत्र लिहायची वेळ तुझ्यावर यायला नको.

आत्या

९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

फोटो लावलास ते बाबांनी सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला "ओळखा पाहू काय आहे" असं विचारतेस आणि कोणी "नक्षी" म्हटलं तर खूश होतेस, हेही सांगितलं.

आता माझी बातमी. गेल्या महिन्यात तुझ्याच सर्जनकडे एक बसचालक आला. तशीच जखम, तसाच ताप, सूज घोट्यापर्यंत. या वेळी त्यांनी आधी फक्त पुढचा सडलेला भाग काढला आणि जंतूंचा जोर ओसरेपर्यंत थांबले. मधल्या काळात टाचेच्या गादीतून जाड सुईने थोडं थोडं मांस काढून माझ्याकडे पाठवलं. तुमच्या रुग्णालयाची गाडी आली तेव्हा मी खालीच उभी होते. मेणाची वाट न बघता मांस गोठवून लगेच काप काढले. प्रमुखबाईंनी आधी बघितलं, मग मी, मग आम्ही जागा बदलून पुन्हा बघितलं. भिंती शाबूत. कप्पे स्वच्छ. फोन मी केला. पलीकडे सर्जन नुसतं "नक्की?" म्हणाले. मी म्हटलं, "नक्की." आत्या, हा शब्द उच्चारताना माझा आवाज हलला नाही.

त्याची टाच राहिली. जखम भरतेय, ताप नाही.

मोठ्या परिषदेत हे मांडायला मला उभं केलं होतं. पडद्यावर पहिलं चित्र तुझ्या टाचेचं होतं. नाव सांगायचा नियम नाही, म्हणून सांगितलं नाही. पण चित्र पडद्यावर आलं तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा डॉक्टर चष्मा पुसून उभा राहिला. मला एवढा अभिमान वाटला की पुढचं वाक्यच विसरले. कागद बघून बोलावं लागलं.

एकाच रुग्णावरून ढोल वाजवायचे नसतात, हे प्रमुखबाई रोज बजावतात. अजून चार रुग्णालयं आमच्याबरोबर काम करायला तयार झालीत. बघू.

भिंगरी

१७ मार्च

भिंगरे,

मला काम लागलंय. व्यायामाच्या खोलीतली ती प्रेमळ मुलगी लग्न करून गेली आणि नवी येईपर्यंत चालण्याचा वर्ग मीच घेते. पगार नाही, पण ओरडायला मिळतं. माझ्याकडे सहा जण आहेत. सगळे माझ्याकडे बघून आधी घाबरतात आणि मग माझा पाय बघून ऐकायला लागतात.

तुझा बसचालक माझ्या वर्गात आला. तो तुझा, हे मला कागदावरून नाही, त्याच्या पायावरून कळलं. मोठा धिप्पाड माणूस, बोलायला मऊ. आपल्या मुलीला "आई" म्हणून हाक मारतो. काल वर्ग चालू असताना ती खाली रस्त्यावर आली आणि तिने त्याला हाक दिली. त्याचा खास बूट बाकाखाली होता. तो तसाच उठला आणि एक हात भिंतीला लावून, त्या टाचेवर भार देत, खिडकीपर्यंत चालत गेला. खाली बघून हात हलवला आणि परत आला. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.

खोलीत मात्र सगळे त्याच्याकडेच बघत होते. आमच्यापैकी कोणालाच ते जमणार नाही. मला वाटलं होतं की असं कधी बघितलं तर माझ्या छातीत कळ येईल. आली, खोटं कशाला सांगू? पण तिच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. एका शर्यतीत तू पहिली आली होतीस आणि मी मैदानाच्या कडेला उभी होते, तेव्हा छाती अशीच भरून आली होती.

शेजारच्या बाईने त्याला विचारलं, तुम्हाला हे कसं जमतं? तो म्हणाला, डॉक्टरांनी टाच ठेवली, कशी ते त्यांनाच माहीत. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "ते माझ्या पायावरून शिकले. माझी टाच चांगली निघाली, ती माझ्या भाचीने भिंगाखाली बघितली, आणि म्हणून तुमची राहिली." नम्रपणा दाखवायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे.

तो बाकावर बसला. त्याने आधी आपल्या पायाकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. मला वाटलं आता आभार वगैरे मानतो की काय, आणि मला ते ऐकवलं नसतं. पण तो म्हणाला, "मग बाई, मला नीट शिकवा. मी वाकडा चाललो तर कमीपणा तुम्हाला येईल."

मी त्याला बूट घालायला लावलं, खोलीच्या त्या टोकाला पाठवलं, आणि पहिल्यापासून चालायला सांगितलं.

आत्या